जानेवारी, जुलै आणि मधले महिने

भिवापूर म्हटले की मिरची आठवते. या लाल, तिखट मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिच्यामुळे तालुक्याचे नाव विदर्भाबाहेरही गेले. नागपूर जिल्ह्याच्या या आग्नेय टोकाला मिरचीच्या जोडीला कापूस आहे, सोयाबीन आहे, धान आहे. माल आला की गोदाम येते, जिनिंग येते, शीतगृह येते, बाजारपेठेतले गाळे, दवाखाने आणि मंगल कार्यालये येतात. वाळलेली मिरची, मोकळी रुई, बारदाना, थर्मोकोलच्या भिंती हे सगळे पेटणारे. पुढचा संवाद दोन बाजूंमधला आहे. यातला मालक म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. फायर अलार्म आणि त्याच्या कायद्याबद्दल एखादा कष्टाळू, प्रामाणिक व्यावसायिक जे आक्षेप घेईल ते त्याच्या तोंडी ठेवले आहेत. त्याचे आक्षेप हलके नाहीत. काही ठिकाणी तर तोच बरोबर आहे, आणि तिथे त्याला बरोबर म्हणायलाच हवे.

मालक : भाऊ, तुम्ही लिहिणारे लोक आम्हाला कायदा शिकवता, पण आम्ही कायद्याच्या बाहेर आहोत कुठे? अलार्म बसवला तेव्हा एजन्सीने कागद दिला. पॅनलवर हिरवा दिवा लागलेला असतो, कधीही येऊन पाहा. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, एजन्सीवाला यंत्रणा चालू असल्याचा दाखला म्हणजे फॉर्म बी देतो, तो फायलीत लावलेला असतो. पैसे दिले, यंत्र बसले, कागद आहे. आता यापुढे अजून काय पाहिजे जी? माझ्याकडे पंचवीस यंत्रं आहेत. प्रत्येकाजवळ रोज जाऊन ‘बरी आहेस ना’ असं विचारत बसलो तर धंदा कधी करू?

लेखक : काका, तुमच्या पंचवीस यंत्रांत हे एकच यंत्र वेगळे आहे, आणि माझे सगळे म्हणणे त्या वेगळेपणावर उभे आहे. जिनची मोटर जळाली तर तुम्हाला त्याच क्षणी कळते, कारण रुई पडायची थांबते. वजनकाटा बिघडला तर गाडीवाला भांडायला येतो. शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला तर दुसऱ्या दिवशी मालाच्या वासाने कळते. काम थांबले की बिघाड आपोआप समोर येतो. फायर अलार्मचे काम मात्र गप्प बसणे हेच आहे. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत, देव करो, एकदाही वाजायची वेळ येऊ नये. म्हणजे चांगला अलार्मही गप्प आणि मेलेला अलार्मही गप्प. भिंतीवर दोघे सारखेच दिसतात. मुद्दाम तपासल्याशिवाय तुमच्याकडे अलार्म आहे की नुसता डबा, हे सांगायला दुसरा मार्गच नाही. म्हणून इतर यंत्रांच्या बाबतीत देखभाल हा यंत्र टिकवण्याचा खर्च असतो, आणि इथे ते यंत्र आपल्याकडे आहे की नाही हे कळण्याचा तो एकमेव उपाय असतो.

हिरव्या दिव्याबद्दल म्हणाल तर तो दिवा बहुतेक वेळा एवढेच सांगतो की पॅनलला वीज मिळते आहे आणि तारांचे वेटोळे त्याला शाबूत दिसते आहे. छतावरच्या डिटेक्टरला धूर कळतो का, हे तो सांगत नाही. हूटरचा आवाज जिनच्या खोलीत मशिनच्या गोंगाटावर ऐकू येतो का, हेही तो सांगत नाही. साध्या पॅनलमध्ये प्रत्येक झोनच्या तारेच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर लावलेला असतो. तार मध्येच तुटली तर त्या रेझिस्टरपर्यंत प्रवाह पोचत नाही आणि पॅनल पिवळा दिवा लावून तक्रार करतो. उंदराने तार कुरतडली, दुरुस्तीला वेळ नाही, पिवळा दिवा नको आहे, अशा वेळी कामचुकार मेकॅनिक तोच रेझिस्टर पॅनलच्या डब्यातच जोडून टाकतो. पॅनलची समजूत होते की वेटोळे पूर्ण आहे. दिवा हिरवा होतो आणि अख्खे गोदाम पॅनलच्या दृष्टीने नाहीसे होते. हे कागदावर कुठेच दिसणार नाही. गोदामाच्या टोकाचे बटण दाबून पाहिले तरच दिसेल.

बॅटरीचेही तेच. पॅनलच्या पोटात शिशाची सीलबंद बॅटरी असते. आग लागली की बहुधा वीज आधी जाते, किंवा सुरक्षेसाठी आपणच मेन बंद करतो. त्यानंतर सगळा भरवसा त्या बॅटरीवर. अशा बॅटरीचे आयुष्य साधारण तीन-चार वर्षे धरतात, पण तेही पंचवीस अंशांच्या आसपासच्या हवेत. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते, असा बॅटरीवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे. आता आपल्याकडचा मे महिना घ्या. पंचेचाळीस अंशांचे ऊन, त्यात पत्र्याच्या केबिनच्या भिंतीवर लावलेला पॅनल, त्यात गावाकडची वरचेवर जाणारी वीज. मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात चार वर्षे चालणारी बॅटरी इथे तितकी चालेल, असे मानायला काही आधार नाही. मेन बंद करून हूटर वाजवून पाहिला नाही तर ती मेलेली आहे हे कळणार कसे?

मालक : बटण दाबून पाहा म्हणता. अहो, न दाबताच वाजतो ना तो! सीझनमध्ये रुईचा बारीक तूस हवेत असतो, डोळ्यांत जातो, नाकात जातो. मिरचीच्या गोदामात गोणी हलवली की अशी धूळ उठते की चार माणसं खोकत बाहेर येतात. ती धूळ त्या डिटेक्टरमध्ये जाते आणि भर दुपारी घंटा सुरू. जिन थांबवा, हमाल बाहेर पळतात, गाड्या रांगेत, शेतकरी वैतागलेला. आठवड्यातून तीनदा हे झालं की चौथ्या वेळी कोणी जागचं हलत नाही. लांडगा आला रे आला, तशी गत. मग मुनीम आवाज बंद करायचं बटण दाबून ठेवतो. काहून ठेवणार नाही? तुम्ही असता तर तुम्हीही ठेवलं असतं.

लेखक : मुनिमाला दोष देऊन काही साधणार नाही, कारण त्याच्यापुढे जे यंत्र ठेवले तेच त्या जागेसाठी चुकीचे असू शकते. पण काका, मला तुमचा हा आक्षेप देखभालीविरुद्धचा पुरावा वाटत नाही. देखभाल झाली नाही याचाच तो पुरावा आहे. नेहमीचा धूर ओळखणारा डिटेक्टर म्हणजे एक छोटी अंधारी डबी. तिच्यात एक प्रकाशकिरण सोडलेला असतो आणि तो थेट पडणार नाही अशा कोपऱ्यात प्रकाश टिपणारे एक संवेदक बसवलेले असते. धूर आत आला की किरण विखुरतो, थोडा प्रकाश त्या कोपऱ्यात पोचतो आणि घंटा वाजते. धूळही प्रकाश विखुरतेच. डबीच्या आत धुळीचा थर साचत गेला की डिटेक्टर आगीशिवाय ओरडू लागतो. बाहेरची जाळीच तुसाने बुजली तर उलटे होते, खरा धूर आत शिरायलाच उशीर लागतो. एकाच धुळीने आज खोटी घंटा वाजवायची आणि उद्या खरी दाबायची, असा हा प्रकार आहे. कार्यालयात वर्षाला एकदा साफ केलेला डिटेक्टर चालेल. रुईच्या खोलीत तो सीझनभर ठरावीक दिवसांनी साफ व्हावा लागेल, आणि तेही परवडत नसेल तर तिथे धुराचा डिटेक्टर लावूच नये.

इथे मी कायद्यापेक्षा जागेकडे जास्त पाहतो. धूळ असलेल्या ठिकाणी उष्णता ओळखणारा डिटेक्टर लावता येतो, तो तुसाला फसत नाही. पण तो निवडतानाही इथली हवा ध्यानात घ्यावी लागते. सर्रास मिळणारे काही उष्णता-डिटेक्टर साधारण सत्तावन्न-अठ्ठावन्न अंशांना वाजतात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या छताला चिकटून असलेली हवा किती तापते, हे छतावर चढणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणून तिथे जास्त अंशाचा हवा. उंच छताच्या गोदामात आणखी एक अडचण येते. सुरुवातीचा धूर थोडासाच असतो. वर जाता जाता तो थंडावतो आणि पत्र्याखालच्या तापलेल्या हवेच्या थराला टेकून मध्येच तरंगत राहतो. छतावरच्या डिटेक्टरपर्यंत तो पोचतच नाही. अशा ठिकाणी एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर किरण टाकणारे बीम डिटेक्टर योग्य उंचीवर लावतात. शीतगृहात वेगळेच दुखणे असते, दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि डबीत पाणी धरते. आपल्या देशात अलार्मची निवड, बसवणी आणि देखभाल कशी करावी याचे भारतीय मानक आहे, आयएस २१८९. ज्याने तुमच्या जिनमध्ये, ऑफिसमध्ये आणि शीतगृहात एकच डिटेक्टर सगळीकडे ठोकून दिला, त्याने ते उघडलेले दिसत नाही.

खोट्या घंटेचा त्रास तुम्हालाच आहे असेही नाही. लंडनच्या अग्निशमन दलाने ऑक्टोबर २०२४पासून बहुतेक व्यापारी इमारतींमधल्या आपोआप वाजणाऱ्या अलार्मला दिवसा सकाळी सात ते रात्री साडेआठ या वेळेत गाडी पाठवणे थांबवले. आग खरी आहे असे कोणी माणसाने कळवले तरच गाडी निघते. इतक्या श्रीमंत शहरालाही खोट्या घंटांनी जेरीस आणले. पण त्यांनी घंटा बंद करा असे म्हटलेले नाही. घंटा वाजल्यावर आधी तुमच्या माणसाने जाऊन पाहावे, एवढी जबाबदारी त्यांनी इमारतीवर टाकली. मुनिमाने बटण दाबून ठेवणे आणि चौकीदाराने धावत जाऊन पाहणे यांतला फरक तोच आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात तर हा फरक कायद्यानेही केला आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८मध्ये लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात मालकाने किंवा भोगवटादाराने यंत्रणा बसवावी, ती चालू स्थितीत ठेवावी आणि तिच्यात कोणी छेडछाड करू नये, हे तिन्ही सांगितले आहे. बसवणे हा त्यातला फक्त पहिला भाग. कायद्याच्या उल्लंघनाला तुरुंगवासाचीही शिक्षा आहे. बटण दाबणारा मुनीम असला तरी विचारणा तुमच्याकडे होणार.

मालक : विचारणा होऊ द्या. पण एक सांगा. घंटा वाजली, समजा खरीच वाजली. उमरेड तीसेक किलोमीटर, नागपूर पाऊणशे. बंब येईपर्यंत रुईची राख झालेली असते. कापूस काय थांबतो का कोणासाठी? मग ती घंटा दोन मिनिटं आधी वाजली काय आणि नाही वाजली काय, काय फरक पडतो? शहरात दहा मिनिटांत गाडी येते, तिथे ठीक आहे. आम्हाला हा खर्च काहून?

लेखक : काका, बंब दूर आहे म्हणून घंटेचे महत्त्व कमी होते, हा हिशोब मला उलटा वाटतो. घंटा बंबासाठी नाहीच. ती आत असलेल्या माणसांसाठी आहे, आणि मदत जितकी दूर तितकी आतल्या माणसांची पहिली दोन-तीन मिनिटे मोलाची. शहरात एखाद्याला उशीर झाला तर बाहेरून कोणीतरी शिडी लावेल. इथे ज्याने बाहेर पडायचे त्याने स्वतःच पडायचे आहे. जिनिंगमध्ये आग कशी लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. कपाशीत खडा किंवा लोखंडाचा तुकडा येतो, रोलरवर घासतो, ठिणगी पडते. ती ठिणगी रुईच्या पोटात जाते आणि धूरही न दाखवता धुमसत राहते. कधी ती गठाणीत बांधली जाते आणि कितीतरी उशिरा, गोदामात किंवा ट्रकमध्ये, बाहेर येते. तेव्हा छतावरचा कुठलाही डिटेक्टर माणसाच्या नाकाच्या मागेच असतो, हे मी मान्य करतो. म्हणूनच मला छतावरच्या डब्यांपेक्षा भिंतीवरचे काच फोडून दाबायचे बटण मोलाचे वाटते. जळका वास आलेल्या हमालाने ते दाबले आणि अख्ख्या आवारात घंटा झाली, तर पलीकडच्या शेडमध्ये गठाणीवर झोपलेला माणूस उठतो. ते बटण गोण्यांच्या थप्पीमागे गेले असेल, किंवा दाबूनही वाजत नसेल, तर त्या माणसाला उठवणारे कोणी नाही.

भंडारा आपल्याला दूर नाही. तुमच्या तालुक्याची हद्द संपते तिथे पवनी तालुका, म्हणजे भंडारा जिल्हाच सुरू होतो. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता विभागात आग लागली. दहा बाळे गेली, सात वाचवता आली. धूर येतो आहे हे ड्युटीवरच्या परिचारिकेच्या लक्षात आले आणि तिने दार उघडले, तेव्हा आत धूर भरलेला होता. ज्यांना स्वतः उठता येत नाही, ओरडता येत नाही, त्यांच्यासाठी यंत्राने ओरडायचे असते. अशा खोलीत दोन मिनिटे म्हणजे काय, याचे उत्तर त्या दहा आणि सात या आकड्यांत आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागपूरजवळ वाडीच्या एका खासगी रुग्णालयातही आगीत रुग्ण दगावले. हे सगळे तुमच्या गाड्या रोज ज्या रस्त्यांनी जातात त्याच पट्ट्यात घडले आहे.

घंटेने काय होत नाही हेही सांगतो. ११ एप्रिल २०२५ला उमरेडच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमची पावडर बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. धातूची बारीक पूड हवेत मिसळून पेटली की जे होते ते क्षणात होते. तिथे अलार्मला वाजायलाही वेळ मिळत नाही. तिथला उपाय पूड साचू न देणे, ठिणगी न होऊ देणे हा आहे. अलार्म सगळ्या आगींवरचा उतारा आहे असे जो सांगेल तो विक्रेता समजावा. मी एवढेच म्हणतो आहे की जिथे त्याला दोन मिनिटे मिळतात, तिथे ती दोन मिनिटे त्याने द्यायला हवीत.

मालक : भंडाऱ्याचं नाव तुम्ही काढलं म्हणून बोलतो. ते रुग्णालय कोणाचं? सरकारचं. कायदा कोणी केला? सरकारने. ज्याने कायदा केला त्याच्याच घरात लेकरं गेली, आणि नोटीस मला! त्यानंतर काय झालं? ऑडिटचे आदेश निघाले, फायली हलल्या. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या सरकारी दवाखान्यात पुन्हा आग लागली. मग सांगा, मी कोणाचं पाहून शिकू?

लेखक : यावर मी सरकारची बाजू मांडणार नाही. तुमचा राग खरा आहे. भंडाऱ्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले आणि दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ला, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून अकरा रुग्ण गेले. पण काका, या घटनेतून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो मला पटत नाही. तुम्ही म्हणता, सरकार करत नाही म्हणून मी कशाला. नगरची घटना मला वेगळेच सांगते. आदेश, ऑडिट, अहवाल हे सगळे कागद होते, आणि कागदाने कोणाला बाहेर काढले नाही. सरकारने कागदावर भरवसा ठेवला आणि फसले. तुम्ही मघाशी फायलीतल्या फॉर्मचे सांगितले तेव्हा तुमचाही भरवसा कागदावरच होता. सरकारची चूक तुम्हाला जितकी दिसते तितकीच स्वतःच्या फायलीत दिसावी, एवढेच माझे मागणे आहे.

मालक : हो ना जी, मग आता कागदावरच या. फॉर्म बी द्यायचा परवाना कोणाला? सरकारमान्य एजन्सीला. तिला पैसे कोण देतो? मी. म्हणजे मला पास करायचे पैसे मीच देतो. जो जास्त तपासेल, जास्त चुका काढेल, त्याला पुढच्या वर्षी कोण बोलावणार? काही एजन्सीवाले येतात, पॅनलसमोर फोटो काढतात, चहा घेतात, कागद देऊन जातात. मी काय त्यांना म्हणायला जाऊ, ‘बाप्पा, माझी यंत्रणा नापास कर’?

लेखक : तुमच्या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत जड वाटलेला मुद्दा हा आहे, आणि तो मला खोडता येत नाही. कायद्याने काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घेण्याची अट घातली, ती योग्यच होती. नाहीतर इलेक्ट्रिकचे दुकान असलेला कोणीही तार ओढून मोकळा झाला असता. पण तपासणाऱ्याला पैसे देणारा आणि तपासला जाणारा एकच असला की तपासणीचे दात बोथट होतात. त्यात आपल्या छोट्या गावांत स्वतंत्र अग्निशमन अधिकारी येऊन पुन्हा तपासणार, ही शक्यता शहरापेक्षा फार कमी. ही दुरुस्ती वरून व्हायला हवी. जानेवारी आणि जुलैमध्ये कोणत्या इमारतीचा फॉर्म आला, कोणाचा आला नाही, याची यादी नगरपंचायतीच्या फलकावर लागली तरी बरेच होईल. बाजारात येणाऱ्या शेतकऱ्याला, दवाखान्यात जाणाऱ्या बाईला ते वाचायचा हक्क आहे. पण ती दुरुस्ती होईपर्यंत तुम्ही हातावर हात ठेवून बसावे, असे यातून निघत नाही. ज्या एजन्सीला तुम्ही पैसे देता, तिच्याकडून तुम्ही काम मागू शकता. फोटो नको म्हणा. प्रत्येक डिटेक्टरला नंबर द्यायला लावा आणि कोणता नंबर धूर सोडून वाजवला, कोणता वाजला नाही, हे तुमच्या मुनिमासमोर लिहून घ्या. मेन बंद करून घंटा वाजवायला लावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्राहक म्हणून तुम्ही कापसाचा ओलावा स्वतः मोजता, इथे दुसऱ्याच्या शब्दावर का राहावे?

आणि तो जानेवारी-जुलैचा हिशोब नीट पाहिला तर इथल्या धंद्याशी त्याचा मेळ बसत नाही, हे तुमच्या ध्यानात येईल. जानेवारीत सीझन भरात असतो. जिन दिवसरात्र चालतात, मिरचीची तोडणी सुरू असते आणि एका तासासाठीही काम थांबवायला कोणी राजी नसते, म्हणून जानेवारीची तपासणी घाईत उरकते. जुलैमध्ये कारखाना थंड पडलेला. तेव्हाचा फॉर्म एका झोपलेल्या इमारतीबद्दल सांगतो. त्यानंतर पावसाळ्याचे तीन महिने ओल चढते, जोडण्यांना गंज लागतो, रिकाम्या गोदामात उंदीर तारा कुरतडतात. दिवाळीच्या सुमारास पहिला जिन फिरतो तेव्हा जुलैचा कागद फायलीत असतो आणि यंत्रणा ऑक्टोबरची असते. कायदा सांगतो त्या दोन वेळा म्हणजे कमीत कमी. भिवापूरसारख्या ठिकाणी खरी तपासणी सीझन सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात व्हायला हवी. ती कोणत्याही फॉर्मवर नाही, ती मालकालाच ठरवावी लागेल.

मालक : म्हणजे दोनाचे तीन झाले! आणि मघाशी म्हणता बटण दाबून पाहा. तेही काय दर आठवड्याला? खर्चाचं कोणी बोलतच नाही.

लेखक : बोलतो. आठवड्याच्या तपासणीला खर्च नाही, पाच मिनिटे लागतात. दर आठवड्याला एकच बटण, पण प्रत्येक वेळी वेगळे, म्हणजे काही महिन्यांत सगळे आवार फिरून होते. ब्रिटनमध्ये व्यापारी इमारतींत ही रीतच आहे, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी, म्हणजे त्या वेळची घंटा चाचणीची आहे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि दुसऱ्या कुठल्याही वेळी वाजली तर ती खरी मानून माणसे बाहेर निघतात. तुमच्या लांडगा आला रे आला या दुखण्यावर मला याहून सोपे औषध माहीत नाही. खर्च आहे तो बॅटरीचा, डिटेक्टर साफ करण्याचा, चुकीच्या जागचे बदलण्याचा. तो खर्च एका ट्रकभर रुईच्या किमतीशेजारी ठेवून पाहा. आणि विम्याची पॉलिसी पुन्हा एकदा वाचा. मालकाने वाजवी काळजी घ्यावी ही अट तिच्यात असते. आग लागल्यावर सर्व्हेअर नोंदवही मागेल, आणि तेव्हा कोरी वही किंवा एकाच दिवशी एकाच पेनाने भरलेली वर्षभराची वही, दोन्ही तुमच्या विरुद्धच साक्ष देतील.

मालक : वही कोण लिहिणार? मुनीम सीझनमध्ये मान वर करत नाही.

लेखक : मुनीम नकोच. रात्रीचा चौकीदार घ्या. आग लागली तर पहिला तोच असणार आहे, आणि बहुतेक ठिकाणी पॅनलवरचा कोणता दिवा काय सांगतो हे त्यालाच कोणी सांगितलेले नसते. वहीत चारच रकाने ठेवा, तारीख, कोणत्या नंबरचे बटण दाबले, घंटा जिनच्या खोलीत ऐकू आली की नाही, आणि पिवळा दिवा होता का. त्याला लिहिता येत नसेल तर खूण करू द्या. पिवळा दिवा दिसला आणि एजन्सीला फोन केला, तर फोनची वेळही टाका. कायद्यातल्या फॉर्मवर उद्या एजन्सी सही करेल तेव्हा तिच्यासमोर ही वही ठेवा आणि तिच्यावरूनच फॉर्म भरायला सांगा.

मालक : आणि वहीत ‘ऐकू आली नाही’ असं त्याने लिहिलं, तर तो कागद माझ्याच विरुद्ध नाही का जात? अधिकाऱ्याने पाहिला तर?

लेखक : त्याच्याखाली दुसऱ्या आठवड्यात ‘हूटर बदलला, ऐकू आली’ असे असेल तर जात नाही. तीन महिने तीच ओळ असेल तर जातो, आणि जायलाच पाहिजे.

मालक : ठीक आहे. जिनच्या खोलीतलं ते दारामागचं बटण आधी पाहतो. त्याच्यासमोर बारदान्याची थप्पी लावलेली आहे, गेल्या सीझनपासून.